तात्यांनी ओतलेलं तेल

लोकांची गाडी बिघडते, एक किस्सा होतो, संपतं. आमची गाडी वडगाव निंबाळकरपासून वर्ध्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं बिघडत गेली, त्यामुळे किस्से इतके साठले की आता कुठल्याही लग्नात पंगतीला बसले तरी शेजारची म्हणते, "वैशाली, तो तेलाचा सांग की!" मी सांगते. सगळ्या पोट धरून हसतात. मला मात्र अजून हसू येत नाही. मला राग येतो, आणि सांगता सांगता तो वाढतो!

*

माझा धाकटा भाऊ सचिन, वय चौतीस. वडगावात चार एकर ऊस, बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लांटमध्ये पर्मनंट नोकरी, साधी सुपारीसुद्धा खात नाही. तरी अकरा ठिकाणी नकार! मुलीकडच्यांना शेती पाहिजे, पण शेतकरी नको. एका बाईनं तर आमच्या आईलाच विचारलं, "तुमी मुलाजवळच राहणार का?" आईच्याच घरात बसून, आईनंच केलेला चहा पिताना!

आमचे चुलते तात्या यांनी यावर निकाल दिला. "दारात मोठी गाडी न्हाय, म्हणून पोरगी मिळंना." मग पुण्यातल्या एका एजंटाकडं सात सीटची सेकंडहँड गाडी बघितली. ऑटोमॅटिक! तात्या स्टेअरिंगवर बसले आणि डाव्या पायानं खाली बराच वेळ चाचपडत राहिले.

"क्लच कुठाय?"

"तात्या, ऑटोमॅटिकला क्लच नसतो," सचिन म्हणाला.

तात्या खाली उतरले आणि एजंटासमोर उभे राहिले. "क्लच काढून घेतला व्हय रं? आणि वर आमालाच शिकवतोस!" शेजारच्या दुसऱ्या ऑटोमॅटिक गाडीत वाकून बघेपर्यंत त्यांचं समाधान झालं नाही. मगच गाडी घेतली.

*

बारावं स्थळ वर्ध्याजवळचं आलं. मुलगी प्रणाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. निघायच्या आधी सचिनचा मला फोन आला. "ताई, हे शेवटचं. आता जमलं न्हाय तर परत कुणाच्या दारात पोहे खायला जाणार न्हाय." आवाजावरून कळलं, खरंच बोलतोय. 

गाडी आधी आमच्या मुनीरभाई मिस्त्रींना दाखवली होती. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि सरळ सांगितलं, "गिअरबॉक्सचं तेल गळतंय. चार दिवस थांबा. लांब नेऊ नका." पण पाहुण्यांना तारीख दिलेली. तात्या म्हणाले, "तारीख मोडली तर ते समजतील, ह्यांच्याकडं गाडीच न्हाय."

सचिन, आई आणि तात्या सकाळी मला न्यायला माझ्या सासरी, निरवांगीला आले. तात्या खुशीत होते. का, ते बार्शीच्या पुढं कळलं. साध्या चढाला इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. सचिननं मुनीरभाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तेल कुणी टाकलं का?"

"न्हाय, कुणीच न्हाय," सचिन म्हणाला. तात्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. आमच्या सगळ्यांच्या माना हळूहळू त्यांच्याकडं वळल्या.

"टाकलं तर काय झालं?" तात्या उसळले. "त्येच तेल आपल्या ट्रॅक्टरला पंधरा वर्सं चालतंय!"

पलीकडून मग मुनीरभाई शांतपणे म्हणाले, "तात्या, तुमाला ताप आला तर बैलाचं इंजेक्शन देऊ का?"

*

रस्त्याकडेला गाडी उभी राहिली की आपल्याकडं प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. मदत म्हणाल तर शून्य! पंधरा मिनिटांत आठ जण जमले. एक म्हणे, धक्का मारा. दुसरा म्हणे, सेकंडवर टाका. सचिन प्रत्येकाला सांगत होता, "दादा, हिला सेकंड नसतो, ही धक्क्यावर चालू होत न्हाय." त्यावर एक जण माझ्याकडं वळून म्हणाला, "ड्रायव्हर नवीन दिसतोय."

माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं. बाई म्हणून नव्हे, आई शेजारी होती म्हणून.

तेवढ्यात एका मिशीवाल्या गृहस्थांनी आईला विचारलं, "कुठं निघालाय, आक्का?" आई अभिमानानं म्हणाली, "पोरगी बघायला. वर्ध्याकडं." झालं! आठही जण गाडी सोडून आईभोवती गोळा झाले. मिशीवाल्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो काढला आणि आईच्या हातात दिला. "आमचा थोरला. तिकडं आणिक कोण असंल तर बघा की."

गाडी तशीच. आईच्या पिशवीत मात्र तीन फोटो जमा झाले!

*

तासाभरानं गाडी थंड झाल्यावर रांगत रांगत कसंबसं नांदेड गाठलं. तिथल्या मिस्त्रीनं तात्यांचं तेल काढलं, योग्य ते भरलं आणि हात पुसत म्हणाला, "पुढचे गिअर चालतील. रिव्हर्स गेला. आता ही मागं येणार नाही."

"आमाला वर्ध्याला जायाचंय," तात्या म्हणाले. "मागं कशाला यायचंय?"

मी मिस्त्रीकडं बघितलं, मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. त्या अनोळखी माणसाला माझी दया आली असावी, कारण त्यानं मला न विचारता चहा मागवला. आम्ही लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी निघालो.

प्रणालीच्या दारासमोर सचिन म्हणाला, "गाडी रस्त्यावरच ठेवू. अंगण खाली हाय, परत काढता यायची न्हाय." बरोबर बोलत होता. पण तात्या! "मग गाडी घेतली कशाला? दारात लागली पाहिजे." गाडी उतारावरून खाली गेली आणि तुळशीसमोर नाक लावून उभी राहिली.

*

पोहे झाले. प्रणालीनं सचिनला विचारलं, "स्वयंपाक येतो का तुम्हाला?"

"भाकरी येते. गोल होत न्हाय," सचिन म्हणाला.

ती हसली. तोही हसला. अकरा ठिकाणी त्याला कुणी हसवलं नव्हतं, माझे तर डोळेच भरून आले. आणि तेवढ्यात तात्या उभे राहिले! मुलानं भाकऱ्या थापायच्या म्हणजे काय, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. "बरं, निघतो आमी," ते म्हणाले. "घरी पोचलो की कळवतो."

आता हे वाक्य ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. मुलगी बघायला गेलेल्यांनी हे म्हटलं की त्याचा अर्थ नकार. कुणीही कधीही घरी पोचून कळवत नाही. प्रणालीच्या आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. सचिनची मान खाली गेली. अकरा दारांत आमचा अपमान झाला तो काय कमी होता, म्हणून बाराव्या दारात आम्हीच दुसऱ्यांचा करायचा?

तात्या ऐटीत गाडीत जाऊन बसले. गाडी अर्थातच मागं येईना. गल्लीतल्या सहा जणांनी ढकलली, हातभर वर गेली आणि पुन्हा तुळशीसमोर येऊन थांबली. वर्ध्याचा मेकॅनिक म्हणाला, सामान नागपूरहून येईल, परवा.

प्रणालीचे वडील मात्र शांत. "काहाची घाई हाये जी? घरी पोचाल तवा कळवा. तवरक जेवून घ्या."

दोन दिवस आम्ही त्या घरात जेवलो!  दुसऱ्या दिवशी सचिननं चुलीपुढं बसून भाकऱ्या केल्या. तात्यांनी चार खाल्ल्या आणि कुणी केल्यात ते विचारलं नाही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "तात्या, शब्द मागं घ्या." ते म्हणाले, "मी बोललो ते बोललो. वडीलधाऱ्याचा शब्द हाय."

मग मी प्रणालीकडं गेले. "तुझं काय म्हणणं आहे?"

"मला कोणी विचारलं का, ताई?" ती म्हणाली.

खरंच की! पोहे, गाडी, तेल, शब्द, सगळ्यांचा विचार झाला होता. तिला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही. ते मी सचिनला सांगितलं. 

तिसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त झाली. आम्ही बसलो. तात्या पुढच्या सीटवर, हात जोडून सगळ्यांचा निरोप घेत होते. सचिननं चावी फिरवली नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. खिडकीपासून तीन पावलांवर उभ्या असलेल्या प्रणालीच्या वडिलांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, सचिनकडं बघितलं आणि फोन कानाला लावला.

"काका, सचिन बोलतोय," हा म्हणाला. "मी घरी पोचलोय. माझा होकार हाय. तुमी आधी प्रणालीला विचारा, मग कळवा."

तात्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. वडिलांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं, मग पुन्हा काचेतून सचिनकडं बघितलं, आणि फोन घट्ट धरून विचारलं,

"पोचले का जी? बरं झालं. प्रवासात तरास तं नाही ना झाला?"