डबी एकाची, फिल्म कुणाची?

गल्लीत त्याला सगळे फिल्मवैद्य म्हणत. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या डबीवर नाव कुणाचंही असो, आतला माल कुठल्या कारखान्याचा, हे तो नाडी बघितल्यासारखं सांगायचा. नवे ब्रँडवाले स्वतः वीतभर फिल्म बनवत नाहीत. दुसऱ्याची घेतात आणि वर आपलं लेबल डकवून मिरवतात. वैद्यबुवांना याचा मनस्वी राग.

एक दिवस थोरली बहीण स्टुडिओत आली. भाऊजी गेल्यावर त्यांच्या कॅमेऱ्यात निघालेला रोल तिनं टेबलावर ठेवला. "एवढा धुऊन दे रे. शेवटी ते काय बघत होते, तेवढं मला बघायचंय."

ब्रँड नवाच होता. दर कारखान्याच्या फिल्मला डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, वेगळा वेळ द्यावा लागतो. वेळ चुकला तर फोटो एकतर फिके, नाहीतर काळेठिक्कर. आणि संधी एकच.

फिल्मवरचा रंग पाण्यात उतरतो आणि कारखान्यागणिक तो वेगळा, म्हणून त्यानं त्याच ब्रँडची नवी डबी आणून फिल्म भिजवली. पाणी हिरवं झालं. खात्रीसाठी दुसरी डबी फोडली, तर निळं! एकाच घरात दोन बाप? मग अंधारात भाऊजींच्या रोलचं शेपूट, म्हणजे कॅमेऱ्यात अडकवायचं सुरुवातीचं टोक, कापून भिजवलं. पाणी जांभळट. आता मात्र त्याची मती गुंग झाली.

"अहो, धुऊन टाका की एकदाचा," बायको म्हणाली.

"धुऊन टाका म्हणे! ही काय चादर आहे?" तो खेकसला.

खऱ्या कारखान्याचं नाव फिल्मच्या कडेला उमटतं, पण ते धुतल्यावर. शेपटाला तर रोल भरतानाच उजेड लागलेला, धुतल्यावर ते सगळं काळंच होणार, त्यावर काय दिसणार? पहिल्या फोटोआधी थोडी कोरी जागा असतेच, असा हिशेब करून त्यानं अंधारात चाचपडत आणखी बोटभर तुकडा कापला आणि अंदाजानं धुतला. भाऊजींचा चिक्कूपणा तो साफ विसरला होता. एखादा फोटो जास्त बसावा म्हणून त्यांनी कोरी जागा ठेवलीच नव्हती.

तुकड्यावर अर्धा फोटो होता, अगदी स्वच्छ. वेळ अचूक लागला होता. कारखान्याचं नाव मात्र कुठंच नव्हतं. कपाळावर हात मारत त्यानं उरलेला रोल तेवढाच वेळ धुतला. पहिल्या फोटोचा दुसरा अर्धा आला. पुढे सगळी फिल्म कोरी. कडेचे आकडे तर ठळक उमटले होते, म्हणजे धुण्यात चूक नव्हती. मग फोटो कुठे गेले? त्याला काही केल्या उलगडेना.

त्यानं दोन्ही तुकडे जोडून फोटो छापला आणि बहिणीपुढे ठेवला. मध्ये कापल्याची रेघ होती. "ताई, चूक झाली माझ्याकडून. फिल्म कुणाची तेही कळलं नाही, आणि बाकीचे फोटो—"

तिचं लक्षच नव्हतं. फोटोत ती दारात उभी होती, कपाळाला आठ्या, तळहात कॅमेऱ्यापुढे धरलेला.

"बाकीचे काढलेच नाहीत त्यांनी," ती म्हणाली. "मी ओरडले ना. म्हटलं, पुरे झाली ती थेरं, ठेवा तो कॅमेरा. त्यांनी ठेवला."