साचे फोडले तो शेवट

दादरच्या वाचक मंडळात सगळ्यांच्या मतांवर शेवटचं बोलण्याचा मान एका निवृत्त प्राध्यापकांचा होता. त्यांचा आवाज मऊ होता. त्या मऊ आवाजाचा मला अजून राग येतो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मंडळात मी खुर्चीच्या कडेला बसायचे आणि बोलायची वेळ आली की पुस्तकाची पानं चाळायचे. त्या महिन्यात आम्ही एक जुनी, गाजलेली विज्ञान कादंबरी वाचत होतो, मराठी अनुवादात. दूरच्या ग्रहावरचं एक शहर, सगळी कामं यंत्रं करतात, माणसं यंत्रांच्या तालावर उठतात आणि निजतात. शेवटी माणसं घण घेऊन तळघरात उतरतात आणि यंत्रं फोडून टाकतात.

लालबागच्या आमच्या खोलीत मी ती बाबांना वाचून दाखवत होते. बाबा गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे कापड विणायचे. संपाला कितीतरी महिने झाले होते. आई मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडायला जायची आणि रात्री जळजळणारे हात ताकात बुडवून बसायची. बाबा कोणाशी बोलायचेच बंद झाले होते. मी पुस्तक उघडलं की मात्र जवळ सरकायचे. "मग? पुढे काय झालं गो?" घरात एवढंच बोलणं उरलं होतं, म्हणून मी मुद्दाम सावकाश वाचायचे.

शेवटच्या प्रकरणाला ते ताडकन उठून बसले. "फोडले? साच्यांनी काय केलेलं त्यांचं?"

पुस्तकात साचे नव्हते, पण बाबांना सगळी यंत्रं साचेच. मला तो शेवट आवडला होता, तसं मी सांगितलंही. ते ऐकेनात. आपले साचे आत बंद पडलेत, त्यांना तेल नाही, पावसाळ्यात गंज चढला असेल आणि हा लेखक फोडा म्हणतो, असं कितीतरी वेळ बडबडत राहिले. इतकं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मला इतका आनंद झाला, की पुढच्या बैठकीला मी त्यांना बरोबर घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

बँकेतल्या एका बाईंना शेवट काव्यमय वाटला. इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला, यातलं विज्ञानच चुकलंय, यंत्रांना शक्ती कुठून मिळते ते लेखकाने सांगितलेलंच नाही. त्याच्याशी सगळे पाऊण तास वाद घालत बसले. खांद्याला शबनम पिशवी लावलेला एक जण म्हणाला, ही कादंबरी परळच्या गिरण्यांच्या गेटागेटावर वाचली पाहिजे. मग प्राध्यापकांना बाबा दिसले आणि कामगाराचं मत ऐकू या, असं ते म्हणाले.

बाबा उभे राहिले. बाकी कोणी उभं राहून बोललं नव्हतं.

"शेवट नाय पटला मला. चालवणारा माणूस आपला साचा फोडील कसा?"

शबनमवाला हसला. "बघा, हीच तर अडचण आहे," तो बाजूच्याला म्हणाला. वाद कोणीच घातला नाही. प्राध्यापक मऊपणे म्हणाले, "स्वाभाविक आहे. पोटाची काळजी असलेल्या माणसाला मुक्तीची कल्पना एकदम पेलत नाही. बाळ, तू त्यांना एकदा नीट समजावून सांग."

बाबा उभेच होते. बसायचं की नाही, ते त्यांना कळत नव्हतं.

"त्यांना शेवट समजला आहे," मी म्हटलं. आवाज फाटला. "त्यांना आवडला नाही."

प्राध्यापकांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळले. आम्ही निघालो. परळपर्यंत चालत आल्यावर बाबांनी विचारलं, "तुला आवडला होता ना तो शेवट?"

"होता."

"मग तसं सांगायचंस. माझ्यासाठी कशाला भांडलीस?"

आता हे पुन्हा गप्प होणार, अशी मला धास्ती वाटली. पुस्तक परत करायच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले, परत एकदा वाच, पण फोडायच्या आधी थांब. मी थांबले. "इथपर्यंत चांगलं लिहिलंय," ते म्हणाले.

पुढे काही वर्षांनी त्यांच्या गिरणीतले साचे भंगारात निघाले. गेटाच्या आत घणाने तुकडे करून ट्रकात भरत होते. बाबा बघायला गेले. त्या प्राध्यापकांना दंडाला धरून तिथे उभं करावं आणि विचारावं, ही का तुमची मुक्ती, असं मला वाटत होतं. मंडळात मी त्या बैठकीनंतर गेलेच नव्हते.

त्या संध्याकाळी बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. काही वाचून दाखवू का, मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "शेवट बघून आलो."