झोपू द्या तिला

आमची पोरगी सारिका इंग्लंडला निघाली त्या दिवशी जीप दारात येऊन उभी होती आणि ती झोपलेली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. तिची आई सोजर बाहेर गेली आणि त्याच्यावरच खेकसली, "गप की रे बाबा, लेकरू झोपलंय. पाच मिनिटं थांबलास तर इमान काय उडून जाणार हाय व्हय?" मी म्हणालो, खरंच उडून जाईल. तर म्हणाली, "झोपू द्या तिला. तिकडं कोण झोपू देणार हाय."

आमचं गाव ईट, भूम तालुका. घरी चार म्हशी, दूध खव्याच्या भट्टीला जायचं. सारिका एकुलती एक. बारावीला रात्रभर वाचायची आणि सकाळी सोजर मला अंगणात खोकूसुद्धा द्यायची न्हाय. पोरगी डॉक्टर झाली, मग तिकडच्या दोन परीक्षा दिल्या, आणि एक दिवस पेढ्याचा डबा आणि दोन बॅगा घेऊन त्या जीपमध्ये बसली. सोजर रडली न्हाय. जीप वळल्यावर म्हशीला पेंड घालायला गेली. मीही मागं गेलो, काही काम नव्हतं तरी.

त्यानंतर सोजरनं भूमहून दुसरं घड्याळ आणायला लावलं. आपल्या घड्याळाशेजारी टांगलं. त्यात तिकडची वेळ. तिकडं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं, आणि उन्हाळ्यात ती माणसं घड्याळ तासभर फिरवतात. फिरवलं की सारिका फोन करून सांगायची, मग सोजर स्टुलावर चढून काटा सरकवायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण ते घड्याळ माझ्यापेक्षा चांगलं यायचं. जेवताना मान वर करून म्हणायची, "आता वार्डात गेली असंल."

पोरगी डॉक्टर झाल्यापासून आमी गावातल्या दवाखान्याची पायरी चढलो न्हाय. चालत दहा मिनिटांवर आहे. पण सोजरचं म्हणणं, आपली पोरगी डॉक्टर असताना दुसऱ्याच्या दारात कशाला? खोकला आला, गुडघा दुखला, की सारिका उठायची वेळ बघायची आणि व्हिडिओ कॉल लावायचा. गावातली माणसंही यायची. शेजारचा दिगंबर एकदा म्हशीचं दुखणं घेऊन आला. सारिका म्हणाली, "काका, म्हशीचं मला काय कळतंय?" तर हा म्हणतो, "माणसाचं कळतंय, मग म्हशीचं अवघड हाय व्हय?" सोजर आठवडाभर हसत होती.

दोन वर्षं झाली. ज्वारी हुरड्यात होती. सकाळी सातला सोजर धार काढून आली आणि बादली ठेवून उंबऱ्यावर बसली. म्हणाली, पाठीत भरून आलंय. थंडीचे दिवस आणि कपाळावर घाम. मी फोन हातात घेतला. तिनं मान वर करून घड्याळ बघितलं. तिकडं रात्रीचे दीड.

"झोपू द्या तिला," म्हणाली. "लई दिवसांनी सुट्टी हाय. उठली की इचारू."

मी म्हणालो, मग दवाखान्यात चल. न्हाय म्हणाली. मी परत म्हणालो न्हाय. हे मी लिहून ठेवतो, कारण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी ओव्याचं पाणी दिलं, पाठ चोळली. दोघं भिंतीकडं बघत बसलो. तिकडं सात वाजायला आपल्याकडं साडेबारा व्हावे लागतात. सोजर साडेअकराला गेली.

पुढचं सांगायला जीभ उचलत न्हाय, म्हणून लिहितो. ती गेली हे मला कळलं, तरीही मी तासभर फोन केला न्हाय. तिच्याजवळ बसून राहिलो. साडेबारा वाजले तेव्हा फोन लावला आणि सारिकाला सांगितलं, "आई गेली. अचानक गेली."

तिला पोचायला दोन दिवस लागणार होते. आईची माती फोनवर बघितली तिनं. दिगंबरनं फोन धरला होता, त्याचा हात हलत होता, मधेच आभाळ दिसत होतं म्हणे. तेराव्याला होती. जाताना म्हणाली, अण्णा, माझ्याकडं चला. म्हशी विकल्या, कुलूप लावलं, पण इकडं यायला वर्ष गेलं. मला रडू आलं न्हाय. अजून न्हाय. हात बधिर झाल्यावर कसं, चिमटा काढलेला दिसतो पण लागत न्हाय, तसं आहे.

आता सहा महिन्यांच्या व्हिसावर इथं सारिकाच्या घरी आहे. दोन खोल्या खाली, दोन वर. सारिकाला महिन्यातून काही नाईट ड्यूट्या असतात. सकाळी येते, चपाती खाते, वर जाऊन काळे पडदे ओढते. मी पायात मोजे घालून चालतो. भांडं वाजू देत न्हाय. चहासुद्धा फडक्यावर कप ठेवून ओततो.

कधी वार्डातलं सांगते. एकदा म्हणाली, "इथली म्हातारी माणसं दोन-दोन दिवस छाती धरून घरात बसतात, अण्णा. मग दवाखान्यात येऊन मलाच सॉरी म्हणतात, तुम्हाला त्रास दिला म्हणून. असा राग येतो ना." मी चपाती मोडत होतो. मोडत राहिलो. मग तिनं नेहमीचं विचारलं, आईला आधी काहीच झालं नव्हतं का? मी नेहमीचं सांगितलं, अचानक.

मागच्या महिन्यात एका दिवशी सकाळी अकराला माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. सारिका नाईट करून साडेनऊला झोपली होती. मी जिना चढलो. दारावर टकटक करायला हात उचलला. मग खाली घेतला आणि तिच्या दाराबाहेर पायरीवर बसलो. भीती वाटली न्हाय. खरं सांगतो, बरं वाटलं.

दोनला ती पाणी प्यायला उठली. मला बघितलं, नाडी धरली.

"कधीपासून?"

"अकरापासून."

"तीन तास? मी इथं आत आहे ना! मला उठवलं का न्हाई?"

"रातभर जागलेली होतीस. म्हटलं झोपू द्यावं."

तिचा हात माझ्या मनगटावर तसाच राहिला. म्हणाली, "हे आईचं बोलणं आहे."

तिनं बूट घातले, मला गाडीत घातलं, तिच्याच दवाखान्यात नेलं. तारा लावल्या, रक्त घेतलं. काळजाची एक नळी बारीक झालीय म्हणाले, गोळ्या दिल्या. खाटेशेजारी बसून तिनं विचारलं, "आईला कधीपासून दुखत होतं?"

"सातपासून."

"आणि गेली कधी?"

"साडेअकरा."

हिशोब घालायला तिला वेळ लागला न्हाय. घड्याळ तिच्याही डोक्यात आहेच.

"तुम्ही दोघं माझी उठायची वाट बघत बसला होता."

"व्हय."

म्हणाली, "फोन उशाशी असतो माझ्या. आवाज चालू. इथं आल्यापासून एक रात्र बंद केला न्हाई, अण्णा. तुमच्या दोघांसाठी."

आम्हाला हे माहीत नव्हतं. आमी विचारलंच न्हाय आणि तिला सांगावंसं वाटलं न्हाय.

ती आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. चिडली होती, की स्वतःला खात होती, मला कळलं न्हाय. पण तेव्हापासून नाईट करून आली की खोलीचं दार उघडं ठेवून झोपते. उजेड आत जातो. काळ्या पडद्याचा मग उपयोग काय, असं मी म्हणालो न्हाय.

व्हिसा संपला की ईटला जाणार. घर झाडायचं आहे. ते दुसरं घड्याळ अजून भिंतीवर चालूच असेल, ते उतरवणार. ज्यांची पोरं माझ्या पोरीसारखी लांब आहेत त्यांना एवढंच सांगतो, दुखलं तर घड्याळ बघू नका. उठवा. आणि आधी गावातल्या दवाखान्यात जा. घर कुठं, असं दिगंबर फोनवर विचारतो, इथं का तिथं. आधी मला वाटायचं घर म्हणजे सोजरनं बादली ठेवलेला तो उंबरा. आता नक्की सांगता येत न्हाय.

काल दुपारी बाराला ती झोपली होती. मला काही होत नव्हतं. जिना चढलो, उघड्या दारातून आत गेलो आणि हाक मारली, "सारे."

ताडकन उठून बसली. "काय झालं? कुठं दुखतंय?"

"कुठं न्हाय. उठवून बघितलं."

माझ्याकडं बघत राहिली. मग परत आडवी झाली, पाय जरा आखडून घेतले आणि पलंगावर जागा केली. डोळे मिटून म्हणाली, "बसा मग इथं."

बसलो.