आधी लोखंड दाखवा

तो आला की आधी टॉवरच्या पायाशी उकिडवा बसायचा आणि अंगठ्याच्या नखाने रंग खरवडायचा. पापुद्रा निघाला की माझ्याकडे वळून म्हणायचा, "रंग काहून दाखवता गा? आधी लोखंड दाखवा."

त्या नखाचा मला मनस्वी राग होता. टेलिफोनचे ट्रंक कॉल नुकतेच टॉवरवरून जायला लागले होते. हुडकेश्वरपलीकडच्या शेतातल्या टॉवरची देखभाल माझ्याकडे होती आणि तपासणीला हा यायचा. आमचा चहासुद्धा परत पाठवायचा. असल्या माणसाशी जमवायचे तरी कसे, तुम्हीच सांगा!

त्यात मला उंचीची भीती. मी खालूनच दुर्बिणीने नट-बोल्ट पाहायचो आणि 'तपासले' म्हणून सही ठोकायचो. वर चढायचा आमचा रामटेके, रंगाचा डबा कमरेला बांधून.

एकदा या तपासनीसाने वहीतल्या 'तपासले'वर बोट ठेवले. "ही सही कोनाची?"

"माझी."

"वर चढले होते?"

"दुर्बिणीने पाहिलं."

"दुर्बिणीनं नट हलते काय? बांधा पट्टा."

सगळ्यांदेखत! रामटेके मध्ये पडला. "साहेब, त्यायले सवय नाही. मी जातो न."

"तू तं रोजच जाते. म्हनूनच त्यायले पाठवून राहिलो."

मी चढलो. तोंडात त्याच्या नावाने शिव्या होत्या. बऱ्याच वर, शिडी टॉवरला धरून ठेवणाऱ्या एका नटाला हात लावला. ताज्या लाल रंगाचा पापुद्रा सुटला आणि नट बोटांनीच फिरला. खाली रामटेके मान वर करून माझ्याकडे पाहत होता. रोज याच शिडीने तो चढायचा.

नट आवळून उतरलो. शाबासकी नाहीच. "आता करा सही," एवढेच बोलला.

मी त्याला माफ केले नाही, आजही केलेले नाही. चारचौघांत माणसाची अशी अब्रू काढू नये.

पुढे तो निवृत्त होऊन मौद्याकडे शेतीवर गेला. निरोपसमारंभाला मी मुद्दाम गेलो नाही. नवा तपासनीस मात्र मोठा गोड माणूस. सावलीत खुर्ची टाकून दोनदा चहा प्याला, "तुमच्यावर विश्वास आहे" म्हणाला आणि वर न पाहताच सही करून मोकळा झाला.

रामटेके डबा बांधून शिडीकडे निघाला.

"थांब," मी म्हणालो. "आधी मी जातो."

आणि त्या खवट म्हाताऱ्याला शिव्या देत देत मी पट्टा बांधला.