वाणीचा अर्धा तास

वाणी चिडली की गप्प व्हायची. तंजावरहून लग्न होऊन मद्रासला आली तेव्हापासूनची ही सवय. नवरा राघोत्तम त्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणायचा, आणि त्यानं ती आणखीनच चिडायची.

लहानपणी तिच्या शाळेच्या हॉलमध्ये एक पियानो होता. वाणीने एकदा त्याच्या पट्टीवर नुसतं बोट ठेवलं, तर बाईंनी कान धरून तिला बाहेर काढलं. ते तिच्या मनात राहिलं. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि आवडी या उपनगरातल्या ऑफिसातली स्वतःची नोकरी संपत आली, तेव्हा तिने कुणाला न विचारता डिजिटल पियानो आणून अण्णा नगरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मांडला. पलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या अलमेलू टीचरकडे शिकवणी लावली.

अलमेलूने सुरुवातीलाच बजावलं, "रविवारी तासन्‌तास बडवून काही येणार नाही. रोज अर्धा तास, पण रोज. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. अडतं तेवढाच तुकडा घ्यायचा, एकेका हाताने, सावकाश."

ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी, वाणी बसू लागली. आणि तिच्या लक्षात आलं की या घरात तिला अर्धा तास कुणी एकटीला सोडतच नाही.

"वाणी, कापी!" कॉफीसाठी राघोत्तमची हाक यायची. मग चष्मा सापडायचा नाही. मग टीव्हीचा आवाज वाढायचा. डावा हात जरा बसतोय म्हणेपर्यंत नणंद कनकाचा फोन यायचा, आणि राघोत्तम तो आणून थेट पियानोवर ठेवायचा. एकदा तर इस्त्रीचे कपडे आले ते त्याने पट्ट्यांवरच रचले. वाणीने ते मुकाट्याने उचलले, पण दात इतके आवळले होते की कानशील ठणकू लागलं.

"महिने झाले, अजून तेच टुंगटुंग?" तो हसून म्हणायचा. "एक गाणं तरी वाजव की!"

अलमेलूही एक दिवस वैतागली. "सराव होत नाहीये तुमचा. दर खेपेला तिथंच अडखळता." वाणी मान खाली घालून घरी आली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच होतं, आळशी मी नाहीये.

पोंगलच्या सुट्टीला दीर विजयेंद्र आला. त्या संध्याकाळी वाणी ऑफिसातून परतली तर हॉलमध्ये पियानोच नव्हता.

"कुठंय?"

"आत, पलंगाखाली," राघोत्तम म्हणाला. "पाहुणे बसतील कुठं? विजी जाईपर्यंत राहू दे ना. तुला काय, नंतर वाजव."

या वेळी वाणी गप्प बसली नाही.

"मला काय? तुमची टीव्हीवरची बातमी एक दिवस चुकली तर घर डोक्यावर घेता! माझी वस्तू मला न विचारता पलंगाखाली ढकललीत? कुणाला विचारलंत?"

"अय्यो, वैनी, मी म्हटलं नव्हतं..." विजयेंद्र पुटपुटला.

"तुम्ही बसा भाऊजी. तुमच्याशी भांडण नाही."

तिने पलंगाखालून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पियानो ओढला. राघोत्तम हात लावायला पुढे आला. "सोडा!" ती ओरडली, आणि तो खरंच मागे सरला. स्टँड उघडून तिने तो टीव्हीच्या बरोबर समोर ठेवला. प्लगला जागा हवी होती म्हणून टीव्हीची वायर काढली.

"आता कापी नाही, फोन नाही, काही नाही. उठेन तेव्हा उठेन."

पहिले सूर दणादण पडले, सगळे चुकीचे. तिने हात मांडीवर घेतले, श्वास घेतला आणि फक्त डाव्या हाताने तोच अडणारा तुकडा धरला. सावकाश. परत. परत. मागे दोघे भाऊ आईने दटावलेल्या पोरांसारखे बसून होते.

राघोत्तम आठवडाभर घुम्यासारखा वागला. "एवढ्या तेवढ्यावरून," असं त्याने कनकाला फोनवर सांगितलेलं वाणीने ऐकलं. तिने माफी मागितली नाही. टीव्ही आतल्या खोलीत गेला. संध्याकाळची कापी तो स्वतः करतो, कडू करतो, आणि भांडी मुद्दाम आपटतो.

ती आपटाआपट ऐकली की वाणीचं रक्त अजून उसळतं. पण ती उठत नाही. अलमेलूने या महिन्यात उजवा हात जोडायला दिलाय, आणि दोन्ही हात एकत्र आले की पुन्हा सगळं चुकतं.