खोक्यात नसलेले फर्मे

माझी पुतणी कोट शिवते. सगळे तिला कात्रीबाई म्हणतात. हाताला धार आहे आणि जिभेला त्याहून जास्त. नवरा बोटीवर, म्हणून दुकान तिचं आणि धाकट्या दिराचं भागीत. फर्मे, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे आकार, ती कॉम्प्युटरवर काढायची. दीर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा.

एका मोठ्या हॉटेलच्या कोटांचं काम आलं आणि दिराची नियत फिरली. पठ्ठ्याने दुकानाचं कुलूप बदललं, कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घरी नेला आणि वर म्हणतो, "वहिनी, तुमची विद्या आता माझ्या पलंगाखाली!"

ती तडक माझ्याकडे आली.

"गेलं की गं सगळं," मी म्हटलं.

"काका, त्या खोक्यात काय होतं? धूळ! फर्मे काढायचा प्रोग्राम लांब कुठेतरी, कंपनीच्या मशीनवर चालतो. फर्मेही तिथेच राहतात. आपण महिन्याचं भाडं भरायचं आणि इंटरनेटवरून वापरायचं. पासवर्ड असला की कुठूनही."

माझ्या नातीच्या लॅपटॉपवर तिने पासवर्ड घातला. सगळे कोट जसेच्या तसे! दिराकडच्या कॉम्प्युटरवरही तिचं खातं उघडंच राहिलेलं. तिकडे त्याने एक बाही ओढली, ती इकडे आमच्या डोळ्यांदेखत लांबली. मला हसू आवरेना.

"हाकल त्याला!"

"आत्ता नाही. आत्ता हाकललं तर दुसऱ्याकडून फर्मे काढून घेईल. कापड टेबलावर पसरू दे."

फर्मे कागदावर छापायच्या दिवशी, कारागीर कात्र्या घेऊन बसलेले असताना, तिने पासवर्ड बदलला आणि त्याला बाहेर काढलं. लगेच फोन.

"वहिनी, नेट गेलंय का?"

"नेट आहे, भावजी. तुम्ही गेलात."

दुपारी स्वारी कॉम्प्युटर कडेवर घेऊन माझ्या दारात. "हा घ्या तुमचा, पण फर्मे द्या. संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर येतोय!"

तिने त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. आधी दुकानाची किल्ली घेतली. मग मॅनेजरला फोन लावायला लावून वदवून घेतलं, "फर्मे वहिनींचे आहेत. मला एक बाहीसुद्धा काढता येत नाही." मला ऐकू आलं नाही असं मी म्हटलं, म्हणून बिचाऱ्याला पुन्हा म्हणावं लागलं.

काम तिलाच मिळालं.

"परत घेशील का गं त्याला?" मी विचारलं.

"विचार करतेय, काका."

त्या विचाराला आता दुसरं वर्ष लागलंय.