दोन टिंबांची सही आणि सीईटी

तेविसाव्या वर्षी मी एका कागदावर न वाचता सही केली. कागद हक्कसोडीचा होता. वडलांच्या मागं जमिनीत माझा जो हिस्सा होता, तो मी राजीखुशीनं धाकट्या भावाला सोडते, असा. आमच्याकडं त्या काळी सगळ्याच बहिणी अशी सही करायच्या, तेव्हा सही केली यात काही विशेष नाही. पण न वाचता का केली, ते ऐका. मी मॅट्रिक झालेली होते. भज्यांचा कागदसुद्धा तेल पुसून वाचणारी. लग्नानंतर नव्या आडनावाची सही मी वर्षभर वहीत गिरवली होती. शेवटी लांब फराटा आणि खाली दोन टिंबं. ही कलाकुसर दाखवायला कुठं मिळतच नव्हती. कचेरीत माझ्या आधी आईनं अंगठा उठवला. कागद लिहिणारा भला माणूस होता. म्हणाला, "ताई, वाचून दाखवू का?"

मी म्हणाले, "कशाला? मला सही येते."

कडेवरचं पोरगं आईकडं दिलं, पदर सावरला आणि टिंबांसकट सही ठोकली. बक्षीस म्हणून, वडलांच्या मागं घरचं सगळं बघणाऱ्या काकांनी पिवळी इरकल घेतली. ती नेसून मी तुळजापूरला सासरी आले ते अशी, जणू मला कुणी वकील नेमलंय.

तो कागद पुढं चाळीस वर्षं मला सलत राहिला असं म्हणणं खोटं होईल. मधली बरीच वर्षं मी तो साफ विसरले होते. आठवण झाली ती नातीमुळं. ती बी.ए. झाली आणि लॉच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, फॉर्म भरायला बसली. फॉर्म भरता भरता म्हणाली, "आजी, याला वयाची अट न्हाय. पदवी पाहिजे फक्त. तुमची हाय की." पदवी होती खरी, चाळिशीत बाहेरून दिलेली. मी म्हणाले, भर माझाबी. ती हसली, पण भरला.

दुसऱ्याच आठवड्यात मी कचेरीतून त्या हक्कसोडीची नक्कल काढून आणली. भावाला कोर्टात खेचायचा माझा विचार नव्हता, आजही नाही. मला फक्त कळायला हवं होतं की मी सोडलं ते नक्की काय. कागद चार वेळा वाचला. चार वेळांत एकच गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे माझी सही.

पहिल्या वर्षी मी अभ्यास केला तो असा. जाडजूड गाईड चौरंगावर ठेवलं, अंघोळ करून समोर बसले आणि सात दिवसांचं पारायण लावलं. रोजची पानं ठरलेली. मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. अवघड पान आलं तर आवाज जरा वाढवायचा आणि पुढं जायचं. सातव्या दिवशी पुरणपोळी. अशी तीन पारायणं झाली. नातीनं एकदा दारातून बघितलं.

"आजी, ही पोथी न्हाय. कळलं न्हाय तर थांबायचं असतंय."

"थांबलं तर सात दिवसांत होत न्हाय गं."

"न होऊ दे की."

त्या वर्षीचे माझे मार्क मी कुणाला सांगितले नाहीत, इथंही सांगत नाही. नातीलाही हवं ते कॉलेज मिळालं नाही, म्हणून ती पुन्हा बसणार होती. मीही बसले. तेवढ्यात माझ्या माहेरी, तामलवाडीला, बातमी पोचली की आक्का वकील व्हायला निघाली आहे आणि पहिली केस भावावर. त्या पंचमीला भाऊ मला न्यायला आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसरं वर्ष खरं अवघड गेलं. सराव परीक्षेचा आकडा जिथं होता तिथंच. कधी चुकून वर चढायचा, मला बरं वाटायचं आणि पुढच्या रविवारी तो आपल्या जागी परत. नात मोबाइलवर एका मास्तरची भाषणं लावायची. तो सांगायचा, आरशासमोर उभं राहून म्हणा, मी करू शकतो. मी उभी राहिले. आरशातल्या बाईला ते पटलेलं दिसलं नाही. फ्रीजवर वेळापत्रक चिकटवलं होतं, ते भाजीच्या पाण्यानं खाली आलं आणि पुन्हा कुणी लावलं नाही. त्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्यातली नजर गेलेली परत येणार नाही, डावा जपू. पण बारीक अक्षराचं काही असेल तर या वर्षातच उरका. म्हणजे यंदा नाही तर मग नाहीच.

मग मी कशाच्या जोरावर बसायची? विश्वास वगैरे काही नव्हता. ती नक्कल मी गाईडमधे खूण म्हणून घातली होती. अभ्यास नको वाटला की ती उघडायची. तो फराटा, ती दोन टिंबं. अशी लाज वाटायची की पुस्तक उघडण्यावाचून दुसरीकडं बघायला जागा राहायची नाही. लाजेवर वर्ष निघतं, एवढं मला कळलं. पुढं काही होतं का, तर नाही.

मनात मी दोनच कॉलेजं धरून ठेवली होती, संध्याकाळच्या एसटीनं घरी परतता येईल अशी. नात रोज एकच गोष्ट घोकून घ्यायची. "आजी, चुकलं तर मार्क कापत न्हाईत. शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्या प्रश्नांना 'क'वर टिचकी मारायची. वाचायचं न्हाय. म्हणा बघू."

"वाचायचं न्हाय," मी म्हणायची.

परीक्षा सोलापूरला. फाटकावरच्या माणसानं नातीला आत सोडलं आणि मला म्हणाला, "पालकांनी तिकडं झाडाखाली." मी हॉलतिकीट दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, आणि नमस्कार केला. तेवढाच काय तो त्या दिवशीचा मान.

आत पडद्यावर प्रश्न मोठे दिसत होते, पण मी हळू. एकेक नीट वाचत होते. कायद्याचे प्रश्न तर दोनदा. पहिल्यांदाच ते मला समजत होते, आणि त्या आनंदात घड्याळ विसरले. बघितलं तर पाच मिनिटं उरलेली आणि प्रश्नांचा मोठा गठ्ठा बाकी. माउस हातात धरला. पहिला न वाचलेला प्रश्न समोर आला. बाण 'क'वर नेला. आणि बोट दाबेना. मला तो लिहिणारा दिसला, ताई, वाचून दाखवू का म्हणणारा. मी म्हटलं, असू दे, ही परीक्षा आहे, इथं न वाचताच करायचं असतं. तरी दाबेना. शेवटी हात मांडीवर ठेवले आणि पडदा आपोआप बंद होईपर्यंत बसून राहिले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शहाणपण आलं, आणि तेही नेमकं चुकीच्या जागी.

एसटीत नातीनं विचारलं, "सगळे मारले न्हवं?" मी खिडकीबाहेर बघितलं. तामलवाडी मागं गेली.

याद्या लागल्या. नातीला सोलापूरचं कॉलेज मिळालं. माझ्या दोन्हींत माझं नाव नव्हतं, पुढच्या फेरीतही नव्हतं. गाईड नातीनं दुसऱ्या कुणाला द्यायला नेलं. नक्कल तेवढी मी काढून घेतली.

या पंचमीला भाऊ आला. मी नापास झाल्याचं त्याला आधीच कळलं होतं. त्याशिवाय तो आलाच नसता, हे त्यालाही ठाऊक, मलाही. आता त्याचेही केस पांढरे झालेत. चहा घेतला, बशी खाली ठेवली. "एवढा अभ्यास केला म्हणत होते सगळे. काय झालं मग?"

म्हटलं, आता काय लपवायचं. कागद काढून त्याच्यापुढं ठेवला. कशासाठी वकिली शिकायची होती ते सांगितलं, शेवटची पाच मिनिटं सांगितली, न वाचता बोट का दाबलं नाही तेही. त्यानं कागद जवळ ओढला. माझ्या फराट्याच्या शेजारी, घेणाऱ्याच्या जागी, त्याची सही होती, एकोणीस वर्षांच्या पोराची, वाकडी. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला,

"आक्का, म्या बी वाचलं न्हवतं. काकांनी म्हणलं कर, म्हणून केली."